प्रवाशाची झडती



पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या सडकेवर वाघोली, लोणीकंद व कोरेगांव भीमा हीं गांवें मागें टाकलीं म्हणजे सणसवाडी लागते. पुण्यापासून हें अंतर सुमारें ३० किलोमीटर. एके काळीं जेथें शेतें होतीं, तेथें आज सडकेच्या दोहों बाजूंस कारखान्यांच्या भिंती उभ्या आहेत. माझा चरितार्थ ह्याच कारखानदारीवर चालतो, आणि तिच्याच पायीं मला महिन्यांतून दोनतीनदां विमानानें परगांवीं जावें लागतें. पहाटे घर सोडावयाचें, वाघोलीवरून लोहगांव गांठावयाचें, आणि विमानांत पाय ठेवण्यापूर्वीं स्वतःची व आपल्या सामानाची झडती द्यावयाची, हा क्रम आतां इतका अंगवळणीं पडला आहे कीं, लग्नास निघालेला मनुष्य जसा लग्नास शोभेल असा पोषाख काढतो, तसा मी झडतीस सोयीचा पोषाख काढतों. धातूचें बक्कल नसलेला पट्टा, खिळे नसलेले जोडे आणि रिकामे खिसे!

ह्या झडतीविषयीं रांगेंत उभ्या असलेल्या मंडळींत नेहमीं दोन मतें ऐकूं येतात. एकजण म्हणतो, हा सारा निष्कारण छळ आहे; दुसरा म्हणतो, जिवाची काळजी असेल तर एवढें सोसलेंच पाहिजे. दोघेही एक गोष्ट मात्र गृहीत धरून चालतात, ती ही कीं, प्रवाशाची झडती हा विमानाबरोबर आलेला नवा प्रकार आहे. वस्तुतः तसें नाहीं. आमच्या पुणें प्रांताशीं संबंध असलेल्या हकीकती पाहिल्या, तरी ह्या विषयाचा साडेतीनशें वर्षांचा इतिहास डोळ्यांसमोर उभा राहतो. त्यांत पहारेकऱ्यांच्या चुका आहेत, राज्यकर्त्यांचा उद्दामपणा आहे, आणि सामान्य माणसाचें संरक्षण व त्याचा अपमान हीं दोन्हीही आहेत. तो इतिहास आज थोडक्यांत आपणांपुढें मांडावा असा विचार आहे.

आरंभ इ. स. १६६३ पासून करूं. शाएस्तेखान पुण्यास लालमहालांत तळ देऊन बसला होता. मोगलांचा इतिहासकार खाफीखान लिहितो कीं, त्या वेळीं परवान्यावांचून कोणाही सशस्त्र वा निःशस्त्र माणसास, आणि विशेषेंकरून मराठ्यास, शहरांत अगर छावणींत शिरूं द्यावयाचें नाहीं अशी सक्त ताकीद होती. इतका बंदोबस्त असतां शिवाजीमहाराजांचीं माणसें आंत आलीं तीं कशीं? त्याच इतिहासकाराच्या सांगण्याप्रमाणें, कोतवालाकडून लग्नाच्या वरातीचा रीतसर परवाना काढून! महाराजांच्या ह्या पराक्रमाचा अभिमान आपणां सर्वांस आहेच. परंतु क्षणभर त्या बिचाऱ्या चौकीदाराच्या जागीं उभे राहून पाहा. त्यास कोण मराठा आणि कोण नाहीं, एवढेंच पाहण्यास सांगितलें होतें. हातीं परवाना दिसतांच त्याचें काम संपलें. वरातींत काय काय चाललें आहे हें पाहणें त्याच्या हुकुमांत नव्हतें.

दुसरी हकीकत ह्याहूनही प्रसिद्ध आहे. इ. स. १६६६ च्या ऑगस्ट महिन्यांत महाराज आग्र्याहून निसटले. त्यांच्या वाड्याभोंवतीं कोतवाल फौलादखान याचा कडक पहारा होता. दुखण्याचें निमित्त करून महाराजांनीं ब्राह्मणांस व फकिरांस वांटण्याकरितां मिठाईचे पेटारे बाहेर धाडण्यास आरंभ केला. आरंभीं पहारेकरी प्रत्येक पेटारा उघडून पाहत. रोज पेटारा उघडावा आणि रोज त्यांत मिठाईच निघावी! असे कांहीं दिवस गेल्यावर पाहणारांचे हात आपोआप सैल पडले, आणि मग ज्या दिवशीं पाहावयास पाहिजे होतें, नेमक्या त्याच दिवशीं कोणी पाहिलें नाहीं. बखरींतून आलेली ही हकीकत आपण मुलांना महाराजांच्या चातुर्याची म्हणून सांगतों, आणि ती तशी आहेच. पण पहारा करणाऱ्याच्या शास्त्रांतील मुख्य अडचणही हिच्यांत सांगून ठेवली आहे. हजार वेळां कांहींच सांपडत नाहीं म्हणूनच हजारएकाव्या वेळीं डोळा लागतो. आज विमानतळावर क्ष-किरण यंत्रासमोर बसणाऱ्या माणसास ठराविक वेळानंतर तेथून उठवून दुसऱ्या कामावर धाडतात, आणि कित्येक ठिकाणीं यंत्राच्या पडद्यावर मधूनमधून शस्त्राचें खोटें चित्र आणून तो जागा आहे कीं नाहीं याची परीक्षा घेतात. ही सारी व्यवस्था फौलादखानाच्या शिपायांस जें साधलें नाहीं तें साधण्यासाठीं आहे.

तिसरी गोष्ट पेशवाईच्या उत्तरकाळांतील. पुणें शहरांत रात्रीं ठरलेल्या वेळीं तोफ होई, आणि तोफेनंतर रस्त्यांत सांपडलेल्या माणसास गस्तीचे शिपाई धरून नेत व सकाळपर्यंत चौकींत अडकवून ठेवीत. एडवर्ड मूर नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें १७९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकांत ह्या बंदोबस्ताचें वर्णन केलें आहे. तो म्हणतो, ही शिस्त इतकी कडक कीं, अवेळीं बाहेर पडल्याबद्दल खुद्द पेशव्यांसही एकदां रात्रभर अटकेंत राहावें लागलें. ही गोष्ट मूरनें लोकांच्या तोंडून ऐकली असावी. ती अक्षरशः खरी असो वा नसो, पुण्यांतील लोक ती परक्या माणसास सांगत असत, यांतच तिचें महत्त्व आहे. जो नियम धन्यालाही लागू होतो तो कितीही जाचक असला तरी लोक त्याची बढाई मारतात, हें त्यावरून दिसतें.

ह्याच्याशेजारीं आपल्या काळांतील एक प्रसंग ठेवून पाहण्यासारखा आहे. भारताच्या माजी राष्ट्रपतींस विमानतळावरील अंगझडतीची सूट आहे. असें असतां एप्रिल २००९ मध्यें दिल्लीच्या विमानतळावर एका अमेरिकन विमान कंपनीच्या नोकरांनीं डॉ. अब्दुल कलाम यांची झडती घेतली. कलामांनीं कांहीं एक तक्रार न करतां ती दिली. पुढें जुलै महिन्यांत ही गोष्ट संसदेंत निघाली, मोठा गदारोळ झाला, आणि कंपनीनें माफी मागितली. नियम मोडला होता, तेव्हां माफी योग्यच होती. तथापि ज्यांच्यासाठीं एवढा गदारोळ झाला त्यांस स्वतःस त्याची गरज वाटली नाहीं, हें विसरून चालणार नाहीं.

येथवर ज्या हकीकती सांगितल्या त्या एका परीनें पाहारेकऱ्यांच्या आहेत. ज्याची झडती घेतली जाते त्याच्या मनाची हकीकत कळावयास इ. स. १८९७ हें साल पाहिलें पाहिजे.

१८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईस गांठीचा ताप, म्हणजे प्लेग, सुरू झाला व लवकरच तो पुण्यास पोंचला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांविषयींचा कायदा झाला. त्यानें सरकारास प्रवाशांची तपासणी करण्याचा व संशयित माणसांस अलग ठेवण्याचा अधिकार दिला. रेल्वेच्या स्टेशनांवर उतारूंस गाडींतून खालीं उतरवून रांगेंत उभें करीत, आणि ताप आहे काय, काखेंत वा जांघेंत गांठ आहे काय, हें डॉक्टर तपासून पाहत. पुण्यांत रँडसाहेबांच्या हाताखालीं मार्च ते मे ह्या महिन्यांत गोऱ्या सोल्जरांकडून घरोघर झडत्या झाल्या. देवघर, माजघर, स्वयंपाकघर असा कांहीं भेद राहिला नाहीं.

येथें एक गोष्ट न्यायबुद्धीनें सांगितली पाहिजे. रोग खरा होता. माणसें रोज मरत होतीं. आणि ती साथ आगगाडीनें गांवोगांव पसरत होती हेंही खरें होतें. म्हणजे तपासणीचा हेतु वाईट होता असें कोणास म्हणतां येणार नाहीं. पुणेंकरांचा संताप झाला तो तपासणी कशी झाली ह्याबद्दल. परपुरुषानें परस्त्रीच्या अंगास चारचौघांत हात लावावा, तपासणारास तपासलेल्या माणसाची भाषा समजूं नये, आणि दाद मागावी तर ती कोणाकडे हेंच कळूं नये, अशी ती स्थिति होती. २२ जूनच्या रात्रीं गणेशखिंडींत चापेकर बंधूंनीं रँड यांवर गोळी झाडली. त्यानंतर काय घडलें तें सर्वांस विदित आहे.

ह्याच वर्षींचा आणखी एक प्रसंग फारसा स्मरणांत ठेवला जात नाहीं, परंतु आपल्या विषयास तो अधिक जवळचा आहे. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हां वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्याकरितां विलायतेंत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनीं तेथील वर्तमानपत्रांत सोल्जरांनीं स्त्रियांवर अत्याचार केल्याची हकीकत प्रसिद्ध केली. गव्हर्नरनें पुरावा मागितला. गोखले परत आले तेव्हां पत्रें लिहिणारांचीं नांवें उघड करणें त्यांस शक्य नव्हतें, आणि कोणी पुढें होऊन साक्ष देण्यासही धजेना. अखेर त्या सत्यनिष्ठ पुरुषानें जाहीर माफी मागितली व स्वकीयांचा रोष पत्करला. ज्या राज्यांत झडती घेणारावर तक्रार नोंदविण्याची सोय नसते, तेथें खरी तक्रार आणि ऐकीव गोष्ट यांतील भेद सिद्ध करणें अशक्य होऊन बसतें, आणि शिक्षा मात्र सत्य बोलूं पाहणारास होते.

१८९७ चा हा कायदा त्या वर्षांबरोबर संपला नाहीं. मार्च २०२० मध्यें करोनाची साथ आली तेव्हां त्याचाच आधार पुन्हा घेण्यांत आला. महाराष्ट्रांतील पहिले रुग्ण पुण्यांतच सांपडले, आणि तेही दुबईहून विमानानें आलेले. २५ मार्चपासून दोन महिने देशांतील प्रवासी विमानें बंद होतीं; २५ मे रोजीं तीं सुरू झालीं. त्यानंतर विमानतळावर कपाळासमोर तापमापक धरणारा मनुष्य दोन हात दूर उभा राही. त्याला पाहून मला प्रत्येक वेळीं १८९७ ची ती स्टेशनावरील रांग आठवे. कायदा तोच होता. पण तपासणाऱ्याचा हात माणसाच्या अंगास लागत नव्हता, आणि तपासणारा आपल्याच समाजांतला होता. सव्वाशें वर्षांत एवढा पालट झाला, तो थोडा नव्हे.

आतां प्रत्यक्ष विमानाकडे वळूं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन मुंबईस जुहूच्या मैदानावर आपलें लहानसें विमान उतरविलें, तेव्हां झडतीचा प्रश्नच नव्हता. लोहगांवची धांवपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभीं, १९३९ सालीं, मुंबईच्या हवाई संरक्षणासाठीं तयार झाली. ती आजही वायुदलाच्या ताब्यांत आहे, आणि आपण नागरिक तेथें एका अर्थीं पाहुणे आहों. पुढें कित्येक वर्षें विमानांत बसणें हें गाडींत बसण्याइतकेंच मोकळेपणाचें होतें. विमानाचा प्रवासी म्हणजे सभ्य गृहस्थ, त्याच्या खिशांत हात कसा घालावा, अशी तेव्हांची समजूत होती.

ही समजूत आमच्या देशांत ३० जानेवारी १९७१ रोजीं खोटी ठरली. श्रीनगरहून जम्मूस निघालेलें ‘गंगा’ नांवाचें विमान दोन तरुणांनीं बळजबरीनें लाहोरास नेलें. प्रवासी व नोकर मिळून तीस माणसें त्यांत होतीं. माणसें सुखरूप परत आलीं; विमान मात्र तेथें जाळण्यांत आलें. विशेष हें कीं, त्या तरुणांजवळचें पिस्तूल खेळण्यांतलें होतें आणि हातगोळाही नकली होता! भारतानें ह्या कृत्याचा जबाब म्हणून पाकिस्तानच्या विमानांस आपल्या आकाशांतून जाण्यास बंदी केली, आणि त्याच वर्षाअखेर झालेल्या युद्धाच्या दृष्टीनें त्या बंदीचे परिणाम फार मोठे झाले. खेळण्यांतल्या एका पिस्तुलानें दोन देशांमधील हवाई मार्ग बंद केला, असें म्हटल्यास तें चुकीचें होणार नाहीं. पुढें डिसेंबर १९७८ मध्यें लखनौहून दिल्लीस जाणारें विमान असेंच पळविण्यांत आलें. त्या वेळीं तर खेळण्यांतलें पिस्तूल आणि क्रिकेटचा चेंडू एवढींच काय तीं शस्त्रें होतीं. आपल्या मुलाच्या पेटींतील पिस्तूल पहारेकरी काढून घेतो तेव्हां आपणांस हंसूं येतें. त्यानें हंसूं नये ह्यास इतिहासाचा आधार आहे.

अमेरिकेंत ह्याच सुमारास शंभराहून अधिक विमानें पळविण्याचे प्रकार झाले, आणि ५ जानेवारी १९७३ पासून तेथें प्रत्येक उतारूची तपासणी सक्तीची झाली. आपल्याकडे १० सप्टेंबर १९७६ रोजीं एक विमान लाहोरास नेण्यांत आलें. त्यानंतर पांडे समिति नेमली गेली, आणि तिच्या शिफारसीवरून जानेवारी १९७८ मध्यें विमानांच्या सुरक्षिततेचें काम पाहणारें एक स्वतंत्र अंग निघालें.

तरीही तोंवर सर्वांचें लक्ष माणसाच्या खिशाकडेच होतें. माणसावांचून प्रवास करणारी पेटी अधिक भयंकर असूं शकते, हें २३ जून १९८५ रोजीं कळलें. त्या दिवशीं एअर इंडियाचें ‘कनिष्क’ विमान आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ आकाशांत फुटलें व ३२९ माणसें प्राणांस मुकलीं. व्हँकूवर येथें एका गृहस्थानें हट्ट धरून आपली पेटी पुढच्या विमानापर्यंत धाडण्यास लावली होती. त्याचें पुढील तिकीट पक्कें नव्हतें. खिडकीवरील नोकरानें आधीं नकार दिला, मागें गर्दी होती, आणि अखेर कटकट नको म्हणून ती पेटी घेतली. पेटी गेली, गृहस्थ विमानांत चढलाच नाहीं. टोरांटोस सामान तपासण्याचें क्ष-किरण यंत्र ऐन वेळीं बंद पडलें होतें. तेव्हांपासून, ज्याची पेटी विमानांत आहे तो स्वतः विमानांत आहे कीं नाहीं, हें जुळवून पाहण्याची रीत सर्वत्र रूढ झाली. एखादा उतारू आला नाहीं म्हणून त्याची पेटी शोधून खालीं उतरवितात व विमानास उशीर होतो. त्या वेळीं आपण घड्याळाकडे पाहून चरफडतों. त्या अर्ध्या तासाची किंमत कोणीं आधींच भरून ठेवली आहे, हें आपण जाणलें पाहिजे. एप्रिल १९८७ मध्यें भारत सरकारनें विमानसुरक्षेचा स्वतंत्र ब्युरो केला तो ह्याच आघातानंतर.

ह्यापुढील घटना आपल्या आठवणींतील आहेत. २४ डिसेंबर १९९९ रोजीं काठमांडूहून निघालेलें विमान कंदाहारास नेण्यांत आलें. आठ दिवसांनीं, तीन कैदी सोडून, प्रवासी परत मिळाले. एक तरुण प्रवासी मारला गेला. त्यानंतर फेब्रुवारी २००० मध्यें जयपूरपासून आरंभ करून विमानतळांचा पहारा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे देण्यांत आला. डिसेंबर २००१ मध्यें एकानें जोड्यांत स्फोटक लपविलें, तेव्हांपासून जोडे काढण्याची प्रथा पडली. अमेरिकेनें ती जुलै २०२५ मध्यें सोडून दिली. ऑगस्ट २००६ मध्यें विलायतेंत द्रवरूप स्फोटकांचा कट उघडकीस आला, आणि परदेशीं जाणाऱ्याच्या हातपेटींत १०० मिलिलिटरांहून मोठी बाटली नसावी असें ठरलें. लोणच्याची बरणी आणि तुपाचा डबा आपल्या बायामाणसांच्या हातांतून गेला तो त्या दिवशीं.

‘बैल गेला आणि झोपा केला’ ही म्हण आपणांस ठाऊक आहे. विमानतळावरील प्रत्येक नियम हा असा एकेक झोपा आहे. कोणी ह्यावरून उपहास करील, आणि गेलेल्या बैलासाठीं आज दार कशाला लावतां असें विचारील. पण गोठ्यांत दुसरे बैल आहेत! प्रश्न इतकाच कीं, दार लावतांना धन्याचें लक्ष पुढच्या चोराकडे आहे कीं मागच्याकडेच आहे. तें मागच्याकडेच राहिलें म्हणजे नियम वाढत जातात आणि एकही कमी होत नाहीं. हातपिशवीला चिठ्ठी बांधून तिच्यावर शिक्का मारण्याची आपल्याकडील पद्धत १ एप्रिल २०१७ पासून मुंबई-दिल्लीसारख्या सात विमानतळांवर बंद झाली. त्यावांचून कांहीं बिघडलें नाहीं. असे आणखीही नियम असतील, आणि ते वेळच्या वेळीं काढून टाकणें हें सुरक्षिततेचेंच काम आहे. कारण निरर्थक नियम पाळतां पाळतां पहारेकऱ्याचा डोळा थकतो, आणि मग पेटाऱ्यांतून काय गेलें तें त्याला दिसत नाहीं.

आतां झडती घेण्याच्या रीतीविषयीं. धातु ओळखणाऱ्या चौकटीस माणूस कळत नाहीं. तिला फक्त धातु कळतो. सामानाच्या यंत्रांत कपडे, कागद, अन्न हे पदार्थ नारिंगी रंगाचे दिसतात आणि पोलाद निळें दिसतें. स्फोटकही अन्नाच्याच रंगाचें दिसतें, म्हणून लाडवांचा डबा उघडावा लागतो. यंत्राच्या ह्या मर्यादा ज्यास ठाऊक आहेत त्यास आपला डबा उघडला म्हणून अपमान वाटण्याचें कारण नाहीं. परंतु यंत्रानें खूण केल्यावर पुढें जें होतें तें माणसाच्या हातांत असतें, आणि १८९७ चा प्रश्न तेथें पुन्हा उभा राहतो.

मुंबईच्या प्रसिद्ध नर्तकी सुधा चंद्रन यांस १९८१ मध्यें अपघातामुळें एक पाय गमवावा लागला. कृत्रिम पाय लावून त्या पुन्हा नृत्य करूं लागल्या, आणि कार्यक्रमांनिमित्त त्यांस नित्य विमानप्रवास करावा लागतो. ऑक्टोबर २०२१ मध्यें त्यांनीं जाहीर निवेदन केलें कीं, दर प्रवासांत विमानतळावर आपणांस तो पाय काढून दाखवावा लागतो. हें माणुसकीस धरून आहे काय? सुरक्षा दलानें तत्काळ दिलगिरी व्यक्त केली, आणि अपवादात्मक परिस्थिति असल्याखेरीज कृत्रिम अवयव काढावयास लावूं नये असाच नियम असल्याचें सांगितलें. पुढें १ डिसेंबर २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानेंही एका प्रकरणांत हाच अभिप्राय दिला कीं, माणसाची प्रतिष्ठा राखून तपासणी झाली पाहिजे. गोखल्यांच्या काळीं तक्रारीस दार नव्हतें. आज तें आहे. एका स्त्रीनें निर्भयपणें तें ठोठावलें, आणि तें उघडलें. ह्यांत त्या स्त्रीचा मोठेपणा आहे, तसाच चूक कबूल करणाऱ्या दलाचाही आहे.

ह्यासंबंधीं मीं स्वतः पाहिलेली एक लहानशी गोष्ट सांगतों. एका विमानतळावर माझ्यापुढें नऊवारी नेसलेली एक म्हातारी बाई रांगेंत होती. बहुधा पहिल्यानेंच विमानांत बसत असावी. तिच्या चंचींत आडकित्ता निघाला. धार असलेली वस्तु, तेव्हां ती आंत नेतां येईना. म्हातारी म्हणाली, “बाळा, माझ्या सासूचा आहे रे तो. टाकूं नको.” तपासणारा तरुण उत्तरेकडचा होता. त्याला तिचे शब्द समजले नसावेत, पण आवाज समजला. त्यानें आडकित्ता टोपलींत टाकला नाहीं. एका शिपाईबाईस हांक मारून त्यानें म्हातारीला परत खिडकीपर्यंत पोंचविलें, आणि तो तिच्या मोठ्या पेटींत ठेवविला. ह्याला दहा मिनिटें लागलीं. मागचे दोनतीन गृहस्थ कुरकुरले. नियम काडीमात्र ढिला झाला नव्हता, आणि सासूचा आडकित्ता सुनेपाशीं राहिला होता.

शेवटीं आमच्या सणसवाडीची एक गोष्ट सांगून संपवितों. ज्या औद्योगिक सुरक्षा दलाचा पहारा आज विमानतळावर आहे, तें १९६९ सालीं उभें राहिलें तें मुळीं सरकारी कारखान्यांच्या रखवालीसाठीं. कारखान्याच्या फाटकावरील झडती विमानतळावरील झडतीची थोरली बहीण आहे. आमच्या भागांत पाळी सुटते तेव्हां शेंकडों कामगार रांगेनें फाटकांतून बाहेर पडतात. रखवालदार त्यांचे डबे उघडून पाहतो, पिशव्या चांचपतो. ही झडती रोजची आहे, आणि तिच्याविषयीं कोणी व्याख्यान देत नाहीं. मीही इतकीं वर्षें त्या फाटकांतून मोटारींत बसून, काच खालीं न करतां, बाहेर पडत आलों. विमानतळावर दोन्ही हात पसरून उभें राहण्याचा प्रसंग वरचेवर येऊं लागला, तेव्हां कोठें ती रांग मला दिसूं लागली.

मूरच्या पुस्तकांतील पेशव्यांची गोष्ट मला म्हणून आवडते. आमच्या फाटकावर आतां मीही खालीं उतरतों व माझी पिशवी इतरांप्रमाणें उघडून दाखवितों. पहिल्या दिवशीं रखवालदार संकोचला. आतां तो नीट पाहतो. लोहगांवास मार्च २०२३ पासून चेहरा ओळखून आंत सोडणारें यंत्र आलें आहे, आणि जुलै २०२४ पासून नवी प्रशस्त इमारतही वापरांत आहे. रांगा कदाचित् लहान होतील. पण अंगावरून फिरणारा हात आणि पेटीकडे पाहणारा डोळा माणसाचाच राहणार आहे. तो डोळा जागा राहावा, आणि त्या हातास समोर कोण उभें आहे याची जाणीव असावी, एवढी अपेक्षा धरून आपण आपले खिसे मोकळे करावे.